खणांचा हिशेब

आर्मास, माझे वडील, एकतीस वर्षं
रात्रीच्या टपालगाडीत उभ्यानं पत्रं निवडत.
समोर लाकडी खण, बारा आडवे, नऊ उभे.
ओउलूच्या उत्तरेचं शेत न् शेत त्यांना पाठ:
कुठल्या वळणावर पेटी, कुणाचा कुत्रा सुटा,
कुठली विधवा आता बहिणीकडे राहते.
हेलसिंकीला मात्र एकच खण.
पाच लाख माणसं, एक खण.
"तिथलं तिथले बघतील," म्हणत
आणि गठ्ठा सुतळीनं आवळत.

मी त्यांचीच मुलगी. माझ्या खोलीला खिडकी नाही.
पंखे घुमतात, आणि एक पेटी आहे
जिला साऱ्या जगाच्या वाटा ठाऊक असाव्या लागतात.
वाटा कसल्या, नुसत्या दवंड्या.
शेजारी सांगतो, ते गाव माझ्याकडून.
मी पुढच्याला सांगते, माझ्याकडूनही, एक पाऊल जास्त.
सगळा रस्ता कुणीच पाहिलेला नाही.
ऐकीव गोष्टींवर चाललंय,
आणि बहुतेकदा पोचतं.

मार्चमध्ये केमीच्या हिल्केबाईंच्या बेकरीची तार
बर्फ सारणाऱ्या गाडीनं खांबासकट उपटली.
दोन दिवस एक ऑर्डर नाही.
राईचे पाव डुकरांना.
बाई समोर येऊन बसल्या, कोपराला पीठ तसंच.
"मला दोन दारं हवीत. एक तुमच्याकडे,
एक तुमच्या वैऱ्याकडे."
यात काय चूक होतं? मी अर्ज भरून घेतला.

पण दोन दारांचं घर कुठल्याच गठ्ठ्यात मावत नाही.
त्याचं नाव सुटं पुकारावं लागतं, जगभर.
त्या दुपारपासून लिमा आणि अक्रामधल्या पेट्या,
जिथं राईचा पाव कुणाच्या दाताखाली आला नाही,
एकेक खण केमीसाठी अडवून बसल्या.
त्यांना कुणी विचारलं नाही.
मलाही नाही विचारलं
त्यांच्या दंतवैद्यांबद्दल, शाळांबद्दल, एका मासळी गोदामाबद्दल
ज्याची तार सैल आहे:
लागते, सुटते, लागते,
आणि दर वेळी माझी पेटी उठून
नव्यानं हिशेब मांडते.

शितावरून भाताची परीक्षा, असं आम्ही शिकलो होतो.
आता शीत न् शीत म्हणतं,
मला वेगळ्या भांड्यात शिजवा.

ऑगस्टमधली रात्र, आभाळ पुरतं काळं व्हायला तयार नाही.
पेटीचे खण पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.
तीनच्या सुमाराला आणखी एक नाव आलं.

ती ओरडली नाही. दिवे हिरवेच.
न मावलेल्या वाटा ती फक्त
हातानं चाचपडत शोधू लागली, एकेक, सावकाश.
तायस्तोचा फोन: अर्धा जिल्हा रांगतोय.
मी नव्या धाटणीच्या पत्त्यांसाठी राखलेली जागा कापली,
जुन्यांना दिली, पेटी बंद करून चालू केली.
अकरा मिनिटं उत्तरेत कुणाचाच कुणाला पत्ता नव्हता.
ती जागा परत मागायची वेळ येईल
तेव्हा या खुर्चीत दुसरं कुणी असेल, असं
मी चक्क मनात म्हटलं.

सकाळी बाबांकडे. कॉफी, हिल्केबाईंचाच पाव.
सगळं ऐकून म्हणाले,
"केमीचं केमीवाले बघतील. तू कशाला लक्षात ठेवतेस?"
मी म्हटलं, दोन दारं आहेत हो तिला.
ते बराच वेळ पावावर लोणी सारखं करत राहिले.
"एक लाकूडतोड्या होता," म्हणाले, "एइनारी.
आठवडा या काठाला, आठवडा त्या काठाला.
त्याला खण नव्हता. त्याची पत्रं
मी कोटाच्या खिशात ठेवायचो."

असे किती होते?

"आधी तो एकटा. मग त्यानं इतरांना सांगितलं."

आणि खिसा भरला तेव्हा?

"तेव्हा," बाबा म्हणाले, "मी निवृत्त झालो."